प्लगमध्ये बसणारा वीजमीटर: स्वतः वापरून आणि लोकांना वापरायला देऊन

हातात मावेल एवढी वस्तू आहे. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये ती बसवायची आणि ज्या उपकरणाची वीज मोजायची त्याची पिन हिच्यात खोचायची. समोरच्या छोट्या पडद्यावर आकडे दिसू लागतात: या क्षणी किती वॅट जातायत, लावल्यापासून किती युनिट झाली, किती तास झाले. कोणी याला प्लग-मीटर म्हणतं, कोणी वॉटमीटर. बहुतेक कंपन्यांच्या मीटरचा आतला मामला सारखाच असतो, त्यामुळे अमुकच घ्या असं मी सांगणार नाही. या जातीच्या मीटरबद्दलच लिहिते आहे. गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक का कापला तेही सांगते.

मी ग्रंथालयात देवघेव विभागात काम करते. आमच्याकडे पुस्तकांसोबत हे मीटरही सभासदांना घरी न्यायला मिळतात. त्यामुळे माझ्या घरी काय दिसलं ते, आणि मीटर परत करताना लोक काय सांगतात ते, असं दोन्ही माझ्याकडे साठलेलं आहे. पुस्तक परत करणारा माणूस सहसा पुढचं पुस्तक शोधायला निघून जातो. मीटर परत करणारा काउंटरशी रेंगाळतो. त्याला काहीतरी दिसलेलं असतं आणि ते कोणाला तरी सांगायचं असतं. पर्यावरणासाठी आम्ही प्रदर्शनं भरवली, व्याख्यानं ठेवली, भिंतीवर तक्ते लावले, सगळं मनापासून केलं. त्यानंतर घरी जाऊन कोणी काय बदललं हे मला कधीच नीट कळलं नाही. या मीटरचं कळतं, कारण लोक स्वतःहून येऊन सांगतात.

मीटर देताना मी एक विनंती करते. घरात सगळ्यात जास्त वीज कशाला लागते असं तुम्हाला वाटतं, ते मोजायच्या आधी कागदावर लिहून काढा. बहुतेक याद्या दिव्यांपासून सुरू होतात. मग टीव्ही, पंखा, फोनचा चार्जर, कॉम्प्युटर. जे उजळतं, फिरतं, आवाज करतं ते वर. पाणी किंवा हवा मुकाट्याने तापवणारं खाली. शाहझीन अटारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच आढळलं होतं. वेगवेगळ्या उपकरणांना आणि कामांना किती ऊर्जा लागते याचा अंदाज लोकांना विचारला, तर लोकांनी ती सरासरी २.८ पट कमी धरली. छोट्या वस्तूंचा अंदाज फारसा चुकत नाही. खरा घोळ मोठ्या वस्तूंचा होतो. आणि ऊर्जा वाचवायला काय करावं असं विचारल्यावर सगळ्यात जास्त आलेलं उत्तर होतं, दिवे बंद करावेत.

म्हणजे ज्यांना पर्यावरणाची काळजी आहे त्यांचीही मेहनत चुकीच्या जागी खर्च होते. दिवा बंद करणारा माणूस आळशी नाही, बेफिकीरही नाही. त्याला आकडा माहीत नाही इतकंच. एलईडीचा ९ वॅटचा दिवा पाच तास जळला तर ०.०४५ युनिट. आणि १० लिटर पाण्याचं तापमान २५ अंशांनी वाढवायला जवळजवळ ०.३ युनिट लागतात. फोन एकदा पूर्ण चार्ज करायला ०.०२ युनिटच्या आसपास. हिशेब मांडून पाहा: तेवढं पाणी तापवण्याच्या विजेत चौदा-पंधरा वेळा फोन भरेल.

हे मी वाचून सांगितलं तर मान डोलावली जाते आणि विषय संपतो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या वस्तूवर आकडा उमटला की वेगळं होतं. आमच्या विजेच्या किटलीला मीटर लावला तेव्हा बटण दाबताक्षणी पडद्यावर १८०० च्या वरचा आकडा आला आणि पाणी उकळेपर्यंत तिथेच राहिला. माझी लेक बघत होती. तिने दुसऱ्यांदा किटलीत फक्त लागेल तेवढंच पाणी घेतलं आणि मीटर पुन्हा शून्यावर आणून मोजलं. अर्धा लिटर जास्तीचं पाणी उकळायला साधारण ०.०५ युनिट जातं हे तिचं तिनेच काढलं. मी काहीच बोलले नव्हते. तेव्हापासून आमच्याकडे किटली काठोकाठ भरली जात नाही.

इस्त्रीचंही तसंच. मीटर लावून इस्त्री करायला बसलं की थर्मोस्टॅटचं, म्हणजे इस्त्री पुरेशी तापली की वीज तोडणाऱ्या आतल्या बटणाचं, काम डोळ्यांना दिसतं. हजाराच्या आसपास आकडा चढतो, टिक असा आवाज येतो, आकडा शून्यावर येतो, थोड्या वेळाने पुन्हा चढतो. कपडे आधी एकत्र साठवून एकदमच इस्त्री का करावी, आणि शेवटचे पातळ कपडे इस्त्री बंद केल्यावरही का निघतात, हे त्या चढउतारात स्पष्ट दिसतं. वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्याचा आणि थंड पाण्याचा असे दोन्ही कार्यक्रम मोजून बघा. मशीन स्वतः पाणी तापवत असेल तर बहुतांश वीज तापवण्यातच जाते, ड्रम फिरवायला त्यामानाने फारच थोडी लागते.

एक आजोबा मीटर घेऊन गेले ते नातीशी वाद मिटवायला. ती चार्जर बोर्डावर तसाच ठेवते, फोन काढून घेते, आणि बटण चालूच राहतं. त्यावरून घरात रोज बोलणी. चार्जर मोकळा असताना मीटरने ०.० दाखवलं. नातीने तो पडदा बघितल्यावर मग घरभर मीटर फिरवला. आजोबांच्या जुन्या म्युझिक सिस्टीमवर रिमोटने बंद केल्यावरही १४ वॅट. कितीतरी वर्षं ती तशीच उभी होती, आतला ट्रान्सफॉर्मर कायम चालू. एक वॅट वर्षभर अखंड चालला तर ८.७६ युनिट होतात. चौदा वॅटचे झाले १२२ च्या वर. एका फोनचं सोळा-सतरा वर्षांचं चार्जिंग.

आजोबा मला म्हणाले, "बाई, पोरीला मी उगाच बोलत होतो. पण ते सोडा, त्या पेटीला आता स्वतंत्र बटणाचा बोर्ड आणलाय, रात्री मी स्वतः बंद करतो." नात शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आता राउटरचं बघायचंय, आजोबा." मला या प्रसंगातलं महत्त्वाचं हे वाटतं की दोघांपैकी कोणालाही तिसऱ्या माणसाने समजावलं नाही. मोठ्याने लहानाला शिकवायचं की लहानाने मोठ्याला, हा प्रश्नच उरला नाही. मीटर दोघांच्या मधे होता आणि त्याला दोघांनीही मानलं.

फ्रिज मोजताना मात्र घाई करून चालत नाही. दहा मिनिटांचं रीडिंग काहीच सांगत नाही, कारण कॉम्प्रेसर थांबत-चालत असतो. मीटर निदान चोवीस तास लावून ठेवावा, दोन दिवस ठेवला तर उत्तम. एका ताईंच्या जुन्या फ्रिजचे दिवसाचे २.६ युनिट निघाले. नवा घेणं त्यांना तेव्हा शक्य नव्हतं. मी त्यांना कागदाची युक्ती सांगितली: दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघून आली की तिथलं रबर ढिलं झालेलं असतं. त्यांच्या दाराचा खालचा कोपरा पूर्ण सुटलेला होता. रबर बदललं, मागच्या जाळीवरची धूळ काढली, फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढला आणि पुन्हा मोजलं. १.९ आलं. त्या पुन्हा आल्या तेव्हा मोबाइलवर दोन्ही आकड्यांचे फोटो होते आणि त्या आधी मला ते दाखवूनच मग पुस्तकांकडे वळल्या. चांगली सवय लागायला माणसाला आपल्या हातून काहीतरी घडल्याचं दिसावं लागतं. ध्रुवावरचं बर्फ वितळतंय हे खरं आहे, भयंकर आहे, पण एका घरात रबर बदलल्याने तिकडे काय झालं हे त्या घराला कधीच दिसणार नाही. २.६ चं १.९ झालेलं दिसतं.

आता कापलेला गुण.

काही मीटर फोनमधल्या अॅपला जोडता येतात. आकडे फोनवर येतात, आठवड्याचा आलेख निघतो, इथपर्यंत ठीक आहे. आमच्याकडच्या एका मीटरचं अॅप मात्र याच्या पुढे जातं. तुमच्यासारख्या इतर घरांशी तुलना करतं, क्रमांक लावतं आणि वापर जास्त असेल तर लाल चेहरा दाखवतं. तो मीटर एक बाई घेऊन गेल्या. त्यांच्या आई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारा कॉन्सन्ट्रेटर रात्रंदिवस चालू असतो. ते यंत्र ३३० वॅटच्या आसपास घेतं, म्हणजे दिवसाला आठेक युनिट. अॅपने त्यांना रोज सकाळी लाल चेहरा दाखवला. मीटर मुदतीच्या आधीच परत करून त्या म्हणाल्या, "आमच्याकडे कमी करण्यासारखं काही नाही हो." मला फार वाईट वाटलं. ज्या घराला मदतीची गरज आहे त्याच घराला अपराधी ठरवणारी ही रचना आहे. त्यानंतर तुलना आणि क्रमांक दोन्ही बंद करूनच मी तो मीटर देते. त्या बाईंना मी नंतर साधा, अॅप नसलेला मीटर दिला. त्यांनी बाकीच्या खोल्या मोजल्या आणि आईच्या खोलीला हातही लावला नाही; असंच करायला हवं होतं.

तुलनेत ताकद नाही असं मी म्हणत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथे झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या क्षेत्रात सतत सांगितला जातो. घरोघरी शेजारपाजारच्या सरासरी वापराचा आकडा कळवला. सरासरीपेक्षा जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण जे आधीच कमी वापरत होते त्यांचा वापर वाढला. 'आपण तर बरंच कमी वापरतो' असं वाटून हात सैल सुटला. त्याच आकड्याशेजारी कमी वापरणाऱ्यांना हसरा चेहरा काढून शाबासकी दिली तेव्हा ती वाढ झाली नाही. म्हणजे तुलना हे धारदार हत्यार आहे, कोणाला काय दाखवायचं ते नीट ठरवावं लागतं. त्या प्रयोगात जास्त वापरणाऱ्यांना नाराज चेहराही दाखवला होता, पण म्हणून घरातली अडचण न बघता रोज सकाळी लाल चेहरा काढायचा, हा निष्कर्ष अॅप बनवणाऱ्याने कुठून काढला कळत नाही.

त्याच अॅपवर 'तुम्ही इतकी झाडं वाचवलीत' असंही येतं. हे मला पटत नाही. वाचवलेल्या एका युनिटमागे किती कार्बन टळला हे ती वीज कोळशातून आली, पाण्यातून आली, उन्हातून आली की वाऱ्यातून, यावर ठरतं, आणि ते जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतं. सॉकेटमध्ये बसलेल्या मीटरला यातलं काही मोजता येत नाही. अॅप कुठलातरी ठोकळ गुणाकार वापरतं. युनिटचा आकडा खरा आहे, मोजलेला आहे. त्याच्यावर झाडांचं चित्र चिकटवलं की खऱ्या आकड्याचाही भरवसा कमी होतो. लोकांना प्रोत्साहन द्यायचं म्हणून त्यांना सजवलेलं सांगावं, हे मला मुळातच मान्य नाही.

लोक हे सगळं फक्त बिलासाठी करतात, असं मला बरेचजण ऐकवतात. बिलाचा वाटा असतोच, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण स्वित्झर्लंडमधल्या सहा हॉटेलांत झालेला एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. शॉवरला छोटा मीटर जोडला होता; अंघोळ चालू असतानाच किती पाणी आणि किती ऊर्जा गेली ते समोर दिसत होतं. पाहुण्यांना प्रयोग चालू असल्याची कल्पना नव्हती, आणि हॉटेलात पाण्याविजेचं वेगळं बिल येत नाही, म्हणजे वाचवून खिशात काही पडणार नव्हतं. तरीही शॉवरसाठी लागणारी ऊर्जा ११.४ टक्क्यांनी कमी झाली. त्याआधी त्याच देशात घरांमध्ये असाच मीटर लावला होता तेव्हा शॉवरची ऊर्जा २२ टक्क्यांनी घटली होती. माणसाला आपण काय करतोय ते करताना दिसलं, तर तो आपणहून हात आखडतो. त्याच्या चांगुलपणावर मीटर बनवणाऱ्यांनी थोडा विश्वास ठेवावा.

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधक सारा डार्बी यांनी २००६ साली अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला होता. वापराचा आकडा थेट डोळ्यांसमोर असेल तर बचत साधारण ५ ते १५ टक्के होते, असं त्यात दिसलं. आमच्या सभासदांच्या बोलण्यावरूनही मोठ्या चमत्काराची अपेक्षा ठेवू नये असंच वाटतं. काहीजण मीटर तसाच परत आणतात, पिशवीतून काढलेलाही नसतो. काहीजण मोजतात, 'हं' म्हणतात आणि काही बदलत नाहीत. एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्या वातानुकूलन यंत्राचा आकडा बघूनही ते एक अंशसुद्धा वर न्यायला तयार नाहीत, झोप लागत नाही. ठीक आहे. त्यांनी दुसऱ्या खोलीतला फारसा न लागणारा जुना फ्रीझर बंद केला. तेही चाललं मला.

मर्यादा सांगायलाच हव्यात. भिंतीतून थेट वायरिंगने जोडलेली उपकरणं हा मीटर मोजू शकत नाही, त्यामुळे गीझर आणि मोठे एसी बऱ्याच घरांत सुटतात, आणि नेमके तेच जास्त खातात. प्रवास, विमान, गॅस, आपण काय खातो, किती कपडे विकत घेतो, यांतलं काहीच प्लगमध्ये येत नाही. मीटर नेणाऱ्यांनी 'आपण आपलं केलं' म्हणून तिथेच थांबू नये, एवढं मी आवर्जून बोलते.

आणि काही गोष्टी घरातल्या माणसावर टाकूच नयेत. आजोबांच्या म्युझिक सिस्टीमचंच घ्या. बंद असताना यंत्राने चौदा वॅट खायचे आणि ते आजोबांनी रोज रात्री उठून थांबवायचे, हा न्याय नाही. युरोपीय संघाने २०१० पासून नव्या घरगुती उपकरणांच्या साध्या स्टँडबायला, म्हणजे रिमोटने बंद केल्यावरही चालू राहणाऱ्या वापराला, १ वॅटची मर्यादा घातली आणि २०१३ पासून ती अर्ध्या वॅटवर आणली. एका नियमाने कोट्यवधी घरांतलं ते काम संपलं, कोणालाही बटण लक्षात ठेवावं लागलं नाही. हातात मीटर आलेला माणूस असा नियम मागायला लागतो, हे मी काउंटरवर पाहिलं आहे. "बंद म्हणजे बंद का नाही?" हा प्रश्न मीटर परत करताना मला पुष्कळांनी विचारला आहे, आणि त्यांतल्या काहींनी तोच कंपन्यांना लिहून विचारला.

घ्यायचा असेल तर या गोष्टी बघा. मीटरवर किती अँपिअरची मर्यादा लिहिली आहे ते आधी वाचा, आणि हीटर किंवा किटलीसारखी जड उपकरणं मोजायची असतील तर मर्यादा तेवढी आहे याची खात्री करा. मीटर आणि जड उपकरण दोन्ही एखाद्या जुनाट एक्स्टेंशनवर कधीच लावू नका, वायर तापते. वीज गेली तरी नोंद पुसली जाऊ नये. आत छोटी बॅटरी किंवा मेमरी असलेला मीटर घ्या, नाहीतर फ्रिजचे दोन दिवस फुकट जातात. एक-दोन वॅटच्या खाली स्वस्त मीटरच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका, तिथे तो शून्य दाखवतो म्हणजे अगदी शून्यच असेल असं नाही. पडद्याला प्रकाश असावा, आकडे ठळक असावेत. सॉकेट बहुधा फ्रिजच्या किंवा कपाटाच्या मागे असतो आणि वाकून, टॉर्च धरून आकडा वाचावा लागला की दुसऱ्या दिवशी कोणी वाचत नाही. पडदा वायरने बाहेर आणता येणारा मीटर मिळाला तर तोच घ्या. वयस्कर माणसांसाठी तर तोच.

एका घराला हा मीटर कायमचा लागत नाही. आठ-पंधरा दिवसांत घरातल्या वस्तूंचे आकडे समजतात आणि मग तो खणात पडून राहतो. म्हणून प्रत्येकाने विकत घेण्यापेक्षा इमारतीत, शाळेत, कार्यालयात किंवा ग्रंथालयात एखादा ठेवावा आणि फिरवावा. सोबत एक वही द्या, ज्यात प्रत्येक घर आपापले आकडे नाव न घालता लिहील. आमच्या वहीत फ्रिजची नोंद सगळ्यात जास्त वेळा आहे, आणि नवीन माणूस मीटर नेण्याआधी तेच पान उघडून बघतो.